कच्चा दम

लिंकन शहरातल्या त्या हॉलमध्ये
नोव्हेंबरचे तीन दिवस कोणी कोणाचं ऐकत नाही.
शाळेच्या तासातून सुटलेले संगीतशिक्षक,
चारशे तरी असतील,
एकाच वेळी वाद्यं वाजवून बघतात.
पलीकडे झायलोफोनवर कुणी फुटाणे सांडतंय.
कुणी ट्रम्पेटवर तोच एक जिना चढतंय,
वरच्या पायरीवर घसरतंय,
पुन्हा खालून.

माझं काम फडक्याचं.
एक जण उठला की माउथपीस स्पिरिटने पुसायचा,
कळ दाबून आतलं पाणी गाळायचं,
पितळेवरचे बोटांचे ठसे घालवायचे.
एरवी मी पोचे काढतो, नेब्रास्काभरच्या शाळांचे.
आमच्या स्टॉलवर नऊ ट्यूबा,
आ करून बसलेले नऊ रांजण.

बघायला येणारे सगळे एकच करतात:
बूड टेकलं की सगळ्यात खालचा सूर,
जमीन हादरेल असा,
मग डावी-उजवीकडे नजर, कोण बघतंय.
सकाळी ओमाहाचे एक मिशीवाले गृहस्थ
इतक्या खोल उतरले
की शेजारच्या टेबलावरची कॉफी कपात थरथरली.
घेतलं काही नाही. पेनं मात्र नेली, दोन.

दुपारी मर्ना सोबोटा आली.
गळ्यातल्या बिल्ल्यावर गावाचं नाव,
मी कधी न ऐकलेलं.
"नऊशे माणसं," ती म्हणाली, "धान्याची दोन उंच कोठारं,
आणि एक ट्यूबा, चिकटपट्टीवर जगणारा."
तिने आधी एकदाच नीट वाजवलं.
चार-पाच संथ सूर,
आणि फडकं माझ्या हातात तसंच राहिलं.
बाई मुरलेली होती.

मग तिने बुटकी खुर्ची मागितली.
पोक काढला, पाय आत ओढले,
गाल फुगवले, ओठ सैल सोडले,
आणि इतकं वाईट वाजवलं
की फोनवर बोलणारा आमचा मालक डॉयल वळला.
फुस्स.
मग अडलेल्या गाईचं हंबरणं.
मग अर्धा सूर, कडेला फाटलेला.
उठली. पुढचा ट्यूबा.
पुन्हा तसंच, मन लावून, वाईट.

तिसऱ्यानंतर मी विचारलंच.
तोंड न पुसता ती म्हणाली,
"कॉर्बिन अकरा वर्षांचा आहे. एवढा."
खुर्चीची पाठ दाखवली.
"खिशात दम्याचा पंप असतो.
मला कुठलाही वाजतो, त्यात काय बघायचं?
त्याचा कच्चा दम कोण सांभाळून घेतो, ते बघतेय."

जर्मनीहून आलेला, चांदीचा मुलामा दिलेला,
तिच्या फाटक्या श्वासाला दारातही उभं करेना.
त्याच्या शेजारचा बोलला, पण उशिरा,
सरकारी खिडकीमागच्या कारकुनासारखा.
कोपऱ्यातला, वापरलेला,
ज्याच्या तोंडाशी दोन पोचे,
मीच ठोकून काढलेले, तरी दिसणारे,
त्यात तिने नुसता उसासा टाकला असेल,
आणि तळातून काहीतरी उठलं,
जाडसर, गोल,
शेजारी झोपलेल्या माणसाने
अंधारात "हं" म्हणावं तसं.

ती थांबली. आणखी थोडी कमी हवा दिली.
"हं."

पैसे तिच्याकडे मोजके होते,
दोन वर्षं चर्चच्या तळघरात कोलाचे विकून जमवलेले.
डॉयलची किंमत चारशेने जास्त.
दोघं गप्प.
मी वाकलो आणि तिसरा पोचा दाखवला,
आतल्या वळणावर,
बोट फिरवल्याशिवाय कोणाला न सापडणारा.
डॉयलने माझ्याकडे जे बघितलं
ते घरी जाईपर्यंत मानेवर होतं.
दोनशे उतरले. उरलेले दोनशे
तिने खरडपट्टीसारखा एक चेक फाडून दिले,
स्वतःचा.

गाडीत मागच्या सीटवर ट्यूबा बसवला,
पट्टा लावला, तिने तो ओढून बघितला.

परत आलो, फडकं ओलं केलं.
आठ रांजण उरले होते.
एक तरुण आला, मोठ्यात मोठा निवडून बसला
आणि डावी-उजवीकडे बघू लागला.